तीन आठवड्यांची जर्मन शाळा : नागपूरहून पहिल्यांदाच मूल पाठवणाऱ्या घरांसाठी

आमच्या गटातली एक मुलगी जर्मनीत पोचली त्याच रात्री उपाशी झोपली. घर चांगलं होतं, जेवण टेबलावर होतं, माणसं प्रेमळ होती. यजमान काकूंनी विचारलं, "ब्रेड घेतेस का?" घरी शिकवलेलं तसं ही म्हणाली, "नको." काकूंनी मान हलवली आणि टोपली पुढच्या माणसाकडे सरकवली. ही वाट बघत बसली, की पुन्हा विचारतील. कुणी विचारलं नाही. आपल्याकडे पाहुण्याने तीनदा म्हटल्याशिवाय ते खरं "नको" नसतंच. तिथे एकदा "नाइन, डांके" म्हटलं की विषय संपला. पुन्हा आग्रह करणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसल्यासारखं होतं.

मी नागपुरात जर्मन शिकवते आणि नववी-दहावीच्या मुलांचे गट घेऊन तीनदा जाऊन आले आहे. मुलं यजमान कुटुंबात राहतात, त्या घरातल्या मुलासोबत त्याच्या शाळेत जातात आणि काही महिन्यांनी ते मूल आपल्याकडे राहायला येतं. पालकसभेत व्हिसा, तिकीट आणि बॅग यांवर दोन-दोन तास बोलणं होतं. आपल्या मुलाला स्वतःची गरज तोंडाने सांगता येते का, हे फार थोडे पालक विचारतात. माझ्या अनुभवात तीन आठवडे कसे जाणार ते त्यावरच ठरतं, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत ती गोष्ट फिरून येईल.

पहिली पायरी : महिना ठरवा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. जर्मनीत मात्र मे आणि जूनमध्ये शाळा सुरू असतात, त्यांची उन्हाळी सुट्टी जूनच्या शेवटापासून पुढे लागते. म्हणजे आपला अभ्यास न बुडवता त्यांचे वर्ग बघता येतात. एक खबरदारी घ्या. जर्मनीत १६ राज्यं आहेत आणि प्रत्येकाचं सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळं. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दक्षिणेकडच्या राज्यांत पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाला साधारण दोन आठवडे सुट्टी असते आणि ती नेमकी मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये पडते. तारखा पक्क्या करण्याआधी यजमान शाळेच्या राज्याचं वेळापत्रक मागवून घ्या.

तुमच्या शाळेचा असा कार्यक्रम नसेल तर रोटरीच्या अल्प मुदतीच्या युवा विनिमयाची चौकशी करा. तो काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत असतो. नागपूर रोटरीच्या ३०३० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं, म्हणून गावातल्या कुठल्याही क्लबकडून सुरुवात करता येईल.

दुसरी पायरी : कागदपत्रं

जायचं मे महिन्यात असेल तर पासपोर्टचं काम दिवाळीतच हाती घ्या. १८ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचा असतो. लहानपणी काढलेला असेल तर मुदत आजच बघा, कारण शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, जर्मनी त्यातलाच) परतायच्या तारखेनंतर तो किमान ३ महिने वैध लागतो आणि त्यात दोन पानं कोरी लागतात.

खरा वेळ जातो तो नावांच्या फरकात. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली असते. शाळेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. महापालिकेतून दाखला दुरुस्त करून घ्यायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं. म्हणून जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड आणि दोन्ही पालकांचे पासपोर्ट किंवा आधार एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघा. एका रविवारचं काम आहे.

व्हिसा कमी मुदतीचा शेंगेन लागतो. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला तो चालतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. १५ दिवसांवर मात्र कुणी विसंबू नये, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. १२ वर्षांवरच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. शिक्षणासाठी जाणारी शाळकरी मुलं आणि सोबतचे शिक्षक यांना शेंगेन नियमांत व्हिसा फी माफ आहे, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. ही माफी अनेक पालकांना माहीत नसते. यजमान शाळेच्या निमंत्रण पत्रात भेटीचा उद्देश आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या आणि ते पत्र अर्जाला जोडा.

दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतीपत्र लागतंच. आई-वडील वेगळे राहत असतील तर हे काम सगळ्यात आधी करा आणि वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. अशा एका मुलाच्या संमतीपत्रावर दुसऱ्या पालकांची सही शेवटच्या आठवड्यात मिळाली. तो महिनाभर किती तणावाखाली होता ते मी जवळून पाहिलं आहे.

तिसरी पायरी : यजमानांना खरं पत्र

यजमान कुटुंब ठरलं की ओळखीचं पत्र पाठवायचं असतं. आपली मुलं त्यात निबंध लिहितात : मला वाचन आवडतं, मला निसर्ग आवडतो. त्या घराला याचा काही उपयोग नाही. त्यांना हवं असतं ते हे : हा मुलगा अंडं खातो का? चीज? मांस खात असेल तर गाईचं आणि डुकराचं चालतं का? घर जैन असेल तर कांदा, लसूण, बटाटा यांचं काय? शाकाहारी असाल तर जिलेटिनचं (ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) नावही लिहा, कारण तिथल्या रंगीत गमीच्या गोळ्यांत ते बहुतेक वेळा असतं आणि "शाकाहारी" म्हटल्यावर गोळ्यांचा विचार कुणाच्या मनात येत नाही. कुत्र्याची भीती, रात्री दिवा लागतो, गाडी लागते, पाळीच्या पहिल्या दिवशी फार दुखतं, सगळं लिहा. यात लाजण्यासारखं काही नाही. आधी कळलं तर ते घर तयारी करतं. तिथे गेल्यावर कळलं तर त्यांनाच अपराधी वाटतं.

पत्र मुलानेच लिहावं. चुका राहू द्या. आईबाबांनी किंवा मी सुधारलेलं पत्र वाचून त्या घराला वाटतं की मुलाला सगळं बोलता येतं, आणि मग ते भराभर बोलायला लागतात.

चौथी पायरी : बॅग

स्वेटर आणि वाऱ्या-पावसाचं जॅकेट डिसेंबर-जानेवारीतच घ्या. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश असताना गरम कपडे शोधणं म्हणजे दुकानदाराला पोटमाळ्यावर चढवणं. आणि जर्मनीत मेमध्ये सकाळी ८-१० अंश असणं अगदी नेहमीचं आहे.

आपली पहिली इच्छा असते संत्री न्यायची. नेता येणार नाहीत. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं न्यायला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं तेवढी सुटलेली आहेत. दूध आणि मांसाचे पदार्थही प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. चिवडा आणि चिक्की न्या, पण घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. भेटवस्तू महाग नको, त्याने यजमान अवघडतात. भंडाऱ्याकडच्या कोसा रेशमाचा छोटा स्टोल किंवा बांबूची एखादी वस्तू पुरते, आणि ती कुठे, कशी बनते हे मुलाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॉप्टर लागतो.

पाचवी पायरी : घरची तालीम

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ मागते, आणि हिच्यावर एक रुपयाही खर्च होत नाही. निघायच्या आधी महिनाभर घरात हे करा.

जेवताना मुलाला एकदाच विचारा. नको म्हणालं तर खरंच वाढू नका. आजीला हे फार जड जातं. एका घरात आजी म्हणाल्या, "लेकराले उपाशी ठेवून काऊन शिकवता?" त्यांना समजावून सांगा की हे महिनाभराचंच आहे. दोन-तीन दिवसांत मूल "हो, मला अजून एक पोळी हवी" असं सरळ म्हणायला लागतं. तेच वाक्य मग जर्मनमध्ये पाठ करून घ्या : "इश म्योश्टे बिट्टे नोख एट्वास." मला कृपया आणखी थोडं हवं. जायच्या आधी एकच वाक्य शिकायचं असेल तर हे शिका.

रात्रीचं जेवण बहुतेक घरांत थंड असतं : ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो. त्याला आबेंडब्रोट म्हणतात. आपल्या मुलाला वाटतं की आज काही शिजवलं नाही, म्हणजे आपण नकोसे झालो. असं काही नसतं, तेच त्यांचं रोजचं जेवण आहे. घरी दोन-तीन रात्री तसं जेवून बघा.

न्हाणीघराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. बादली-मग्गा नसतो. शॉवरच्या जागेबाहेरची फरशी कोरडी ठेवायची असते, कारण बऱ्याच घरांत तिथे पाणी जायला वाटच नसते. पडदा आत घ्यायचा आणि निघताना फरशी पुसायची. अंघोळ पाच-सात मिनिटांत आटपायची. संडासात धुवायला पाणी नसतं, कागद असतो. ओले वाइप्स न्या, पण ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, संडासात नाही. एका यजमान घरी पाणी गळून खालच्या मजल्याचं छत भिजलं होतं. कुणी रागावलं नाही, पण तो मुलगा नंतर चार दिवस अंघोळच टाळत होता. निघण्याआधी त्याला कुणी पाच मिनिटं सांगितलं असतं तर हे घडलं नसतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

सायकल चालवता येत नसेल तर शिकवा. पहाटे सिव्हिल लाइन्सचे रस्ते रिकामे असतात, तिथे सराव होतो. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते. फुटपाथलगतच्या लाल पट्ट्यावर चालायचं नाही, तो सायकलींचा आहे.

बाकीचं थोडक्यात. घरात चपला वेगळ्या. कडाक्याची थंडी असली तरी खोली हवेशीर करायला खिडक्या सताड उघडतात. कागद, प्लास्टिक आणि ओला कचरा यांचे डबे वेगळे. रविवारी दुकानं बंद. प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की २५ सेंट मिळतात. नळाचं पाणी पिता येतं. तातडीच्या मदतीचा नंबर ११२.

एक गोष्ट पालकांनी मुलाशी आधीच बोलून ठेवावी. जर्मनीत १६ वर्षांच्या मुलांना बिअर आणि वाइन कायद्याने विकत घेता येते. यजमान भाऊ १६ चा असेल तर त्याच्या मित्रांच्या पार्टीत ती असू शकते, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. आमच्या गटाचा नियम स्पष्ट आहे, घ्यायची नाही. पण मुलाला नियमासोबत वाक्यही द्या : "नाइन, डांके, मी पीत नाही." एकदा म्हटलं की पुरतं. इथे ती तिथली सवय आपल्या कामी येते.

सहावी पायरी : वर्गात

शाळा सकाळी आठच्या सुमाराला भरते. तास बहुधा ४५ मिनिटांचा, बरेचदा दोन जोडून. शिक्षकांना "सर", "मॅडम" म्हणत नाहीत, "हेर" (श्री.) किंवा "फ्राउ" (श्रीमती) आणि पुढे आडनाव. तोंडी सहभागाला गुण असतात, म्हणून मुलं सारखी हात वर करतात आणि शिक्षकांशी मतभेदही मांडतात. आपल्या मुलांना पहिल्या दिवशी तो उद्धटपणा वाटतो. तसं त्यांना सांगू द्या, लगेच दुरुस्त करू नका. आठवड्याने विचारलं की बहुतेकांचं मत बदललेलं असतं.

इतिहास किंवा जर्मन साहित्याचा तास डोक्यावरून जाईल. तिथे बसून वहीत ऐकू आलेले पाच शब्द लिहायचे, एवढंच काम द्या. इंग्रजी, चित्रकला, संगीत, खेळ आणि गणित हे तास मात्र सोडू नका.

गणिताबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या मुलांना पहिला आत्मविश्वास तिथे मिळाला. फळ्यावरची भाषा कळत नाही, पण समीकरण कळतं. फक्त खुणा वेगळ्या असतात. गुणाकाराला मधला ठिपका, भागाकाराला दोन ठिपके. दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम, त्यामुळे ३,५ म्हणजे साडेतीन. हाताने लिहिलेल्या १ ला वर लांब तिरपी रेघ असते, आपल्याला तो ७ वाटतो, आणि खऱ्या ७ च्या पोटात आडवी रेघ असते. वर्गात कधी तोंड न उघडणारा आमचा एक मुलगा दुसऱ्याच दिवशी उठून फळ्यावर गेला आणि वर्गसमीकरण सोडवून आला. त्याला बोलावं काहीच लागलं नाही. मधल्या सुट्टीत तीन मुलं त्याच्या बाकाशी आली आणि मग बोलावं लागलं. त्या गटातला सगळ्यांत चांगला जर्मन बोलणारा तोच झाला.

निघण्याआधी मुलांना एवढंच सांगून ठेवा की तिथे १ हा सगळ्यात चांगला गुण आणि ६ सगळ्यात वाईट. कुणी आनंदाने "मला एक मिळाला" म्हटलं तर सांत्वन करू नये.

सातवी पायरी : चौथा दिवस आणि फोन

पहिले तीन दिवस नवलाईचे. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल रडतं. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांचं असंच झालं, हसऱ्या आणि धीट मुलांचंही. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं थकलेलं असतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असल्याने झोप लागत नाही. त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला की मूल कोसळतं.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपण रात्री साडेदहाला जेवणं आटपून फोन करतो तेव्हा तिथे सात वाजलेले असतात, म्हणजे घर टेबलाशी बसलेलं असतं. एका आईचा रोज त्याच वेळी फोन यायचा. मुलगा ताट सोडून खोलीत जायचा आणि अर्धा तास मराठीत बोलायचा. आठव्या दिवशी यजमान काकूंनी मला हळूच विचारलं, "आम्ही त्याला आवडत नाही का?" मी त्या आईशी बोलले. त्यांना फार वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. त्यानंतर दर तीन दिवसांनी, तिथल्या दुपारी, दहा मिनिटं. त्या आठवड्यात तो मुलगा यजमान आजोबांकडून पत्त्यांचा एक खेळ शिकला, आणि परत आल्यावर त्याने सगळ्यांत जास्त सांगितलं ते आजोबांबद्दलच.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, फोनची वेळ आधी ठरवा आणि पाळा. खुशाली सोबतच्या शिक्षकांकडून रोज गटावर येते. मूल रडलं तर "परत येतोस का?" असं विचारू नका. "काकूंना सांगितलंस का?" असं विचारा. पोट दुखतं, थंडी वाजते, घरची आठवण येते, हे त्याने त्या घरातल्या माणसाला सांगायचं आहे. वाक्य तुटकं असलं तरी चालतं. मात्र खोलीला कडी नाही, कुणाचं वागणं विचित्र वाटतं, भीती वाटते, असं काही मुलाने सांगितलं तर क्षणभरही थांबू नका, सोबतच्या शिक्षकांना लगेच फोन करा. घर बदलून मिळतं, आणि ते मागणं हा मुलाचा हक्क आहे. घरच्या आठवणीचं रडणं आणि हे, दोन्हींतला फरक मुलाला निघण्याआधीच समजावून ठेवा.

आठवी पायरी : ते आपल्याकडे येतात तेव्हा

त्यांना नोव्हेंबर ते जानेवारीत बोलवा. एप्रिल-मेचं नागपूर त्यांना झेपत नाही. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, खाजगी घरांनाही हे बंधनकारक आहे. शाळेकडून नोंदीची पद्धत आधीच समजून घ्या.

तर्री पोहे द्या, पण तर्री वेगळ्या वाटीत. सावजी पहिल्या आठवड्यात नको. दीक्षाभूमी दाखवा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय घडलं ते तुमच्याच मुलाला सांगू द्या. झिरो माईल, रामटेक, जमल्यास वर्ध्याचं सेवाग्राम. पण रोज फिरवू नका. त्या मुलाला शिकवणीला, भाजी आणायला, पतंगाचा मांजा गुंडाळायला सोबत न्या. आपल्या मुलाला तिथे जे आवडलं तेही असंच साधं होतं.

त्याला पहिल्या दिवशी "पुरे" हा शब्द शिकवा. एकदा "नको" म्हणून तो थांबेल, त्याचं ताट पुन्हा भरेल, आणि वाढलेलं टाकायचं नाही म्हणून बिचारा संपवत बसेल. आजीला सांगून ठेवा, की त्याने ताटावर हात आडवा धरला की वाढायचं थांबायचं, आणि त्यालाही शिकवून ठेवा की हात आडवा धरायचा.